विलायतेची फळी, ऑस्ट्रियाची फळी

आबा, आज कर्जत स्टेशनावरून कागदाचे गठ्ठे सोडवून आणले आणि दुकानात लावता लावता हसूच आलं. डावी फळी विलायतेची, उजवी ऑस्ट्रियाची, ही तुमची रीत मी मोडलेली नाही. फळ्यांचं नशीब तेवढं फिरलं. तुमच्या उमेदीत डावीवर माल मावत नसे आणि उजवीवर चार दस्ते धूळ खात पडलेले असत. "ऑस्ट्रियाचा कागद म्हणजे पापड, तळून खा," म्हणायचात. मग वर्षागणिक उजवी चढत गेली, डावी उतरत गेली. आता उजवी आढ्याला टेकलीय आणि डावीवर कचेरीतल्या लोकांपुरता माल उरलाय. स्वस्ताईपुढे कोणाचं चाललंय?

पण आपल्या दुकानात ही उलथापालथ स्वस्ताईने नाही, तुमच्या जिभेने सुरू केली. रीम फोडली की तुम्ही कोपरा जिभेला लावायचात. ओल शोषली तर कागद कच्चा, त्यावर शाई फुटणार. पळसदरीचा पाटील विचारतो, "शेट, ह्यो शाई पीत नाय ना?" आणि तुम्ही जीभ लावून सांगता, "नाय पीत रं, ने बिनघोर." मी तेव्हा नुकता गल्ल्यावर बसू लागलो होतो. एके दिवशी पोथ्या उतरवणारे खालापूरचे भटजी आले, तुम्हाला पाहिलं आणि ओरडलेच, "अहो, हे काय करता! विलायतेत कागदाला गुरांच्या कातड्याचा सरस चोपडतात!" मुंबईच्या दलालाला विचारलं, तर तोही म्हणाला, खरं आहे, ऑस्ट्रियाच्या मालाला मात्र झाडाची राळ असते. झालं! तुमचं तोंड एवढंसं झालं.

त्या दुपारी तुम्ही स्वतःच जेवायचा पाट उचलून पडवीत नेलात. भटजींनी सांगितलेलं प्रायश्चित्त घेतलंत, तरी आत येईनात. "सारी हयात चाटलंय, ते एका आंघोळीनं जातंय होय?" दुकानात उजवी फळी भरू लागली आणि घरात तुमची जागा रिकामी. मला भटजींचा असा संताप यायचा! तुमचाही यायचा. बाप जिवंत असून घरातून गेला, असं वाटायचं.

तुमच्या मागून तुमच्याच ताटात जेवायची आईची रीत, तीही तुम्ही बंद केली होतीत. एक दिवस तुम्ही ताट धुवायला उठलात, तसं तिने ते ओढून घेतलं आणि त्यातच भात वाढून घेतला.

"अगं, बाटशील!"

"लग्न झाल्यापासून ह्याच ताटात जेवतेय. तुम्ही बाटलात तर मी काय कोरडी राहिले? उद्यापासून मीही पडवीत. चूल कोण पेटवतं ते बघा!"

तुम्ही असे हसलात की ठसका लागला. दुसऱ्या दिवशी तुमचा पाट आत आला. हुश्श! आजही आठवलं की जीव भांड्यात पडतो.

तुम्ही गेल्यावर हे पत्र कुठल्या टपालात टाकू, आबा? राहू दे गल्ल्याच्या पेटीत. एक मात्र तुम्हाला कधी सांगितलं नाही. पाट आत आला त्या दिवशी मी भूक नसताना पुन्हा पुन्हा भात मागून घेत होतो. तुमच्या शेजारून उठवतच नव्हतं.