खिशातला कॉम्प्युटर आणि बत्तीस काचा

३ मार्च २००३, सोमवार. संध्याकाळी ७.४०
पलंगावर वर्तमानपत्र अंथरून खोका उघडला. कात्रीने, फाडून नव्हे. आत निघाले ते असे: खिशात मावणारा कॉम्प्युटर एक, लिहायची काडी एक, यंत्र उभे करायचे ठाणे एक, वायरी दोन, पुस्तिका एक (पाने १४८, सर्व इंग्रजी). पाने मोजून घेतली, सगळी आहेत.

ठाण्याला इंग्रजीत ‘क्रेडल’ म्हणतात. डिक्शनरीत पाहिले, अर्थ पाळणा. ताईला तसे सांगितले, ही चूक झाली. ती कणीक मळता मळता म्हणाली, “लोक आधी लग्न करतात, मग पाळणा आणतात. तुझं सगळंच उलटं.” दुर्लक्ष केले.

कारण लिहून ठेवतो. मी कामाला आहे त्या काचेच्या दुकानात खिडक्यांची मापे घ्यायला काका जातात. काकांचे गुडघे गेले आहेत, या महिन्याअखेर ते काम सोडणार. त्यांच्या जागी मालक कोणाला तरी नेमतील. सहा वर्षे मी शिडी धरली आहे. काका मापे सिगरेटच्या पाकिटावर लिहितात. यापुढे जो माणूस खिशातून कॉम्प्युटर काढेल त्यालाच जागा मिळणार, हे उघड आहे.

निश्चय: ही वही फक्त दहा तारखेपर्यंत. पुढची रोजनिशी यंत्रात.

४ मार्च, सकाळी ६.१५
पाळण्याची वायर कॉम्प्युटरला जोडावी, असे पान ९ वर आहे. म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला. तो माझ्याकडे नाही. पाळणा मात्र तयार आहे, म्हणजे निम्मे काम झाले.

५ मार्च
यंत्राला माझे अक्षर वाचता येत नाही. शाळा नववीत सुटली, पण अक्षराबद्दल मला कधी कोणी बोलले नाही. दुकानाच्या पाटीवरची ऱ्हस्व वेलांटी मीच दीर्घ करून घेतली होती. तरी ‘window’ लिहिले की पडद्यावर ‘uuimbou’ उमटते.

खुलासा पान ३१ वर. यंत्राची स्वतःची लिपी आहे. हात न उचलता प्रत्येक अक्षर एका रेघेत काढायचे. ए मधली आडवी दांडी काढायची नाही. इंग्रजी चार लिहायचा तर वरून सरळ खाली यायचे, मग उजवीकडे वळायचे आणि थांबायचे. एल काढतात तसे.

निश्चय: रोज दोनशे अक्षरे, शंभर आकडे, कागदावर सराव. पंधरा दिवसांत यंत्र माझे ऐकू लागेल.

८ मार्च, शनिवार
पडद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून विक्रेत्याने पातळ फिल्म दिली, १२० ला. लावताना आत एक केस गेला. माझाच असावा.

केस सारखा दिसतो. काचेच्या दुकानात काम करणाऱ्याने पडद्यावर प्लॅस्टिक लावावे, हे तसेही शोभत नाही. फिल्म काढली. दुकानातल्या तुकड्यातून दोन मिलिमीटरची काच स्वतः कापली, कडा घासल्या, चिकटवली. अप्रतिम बसली.

तीच तारीख, दुपारी
काचेवरून काडी दाबली तर यंत्राला कळत नाही. संरक्षण पूर्ण झाले आहे, फक्त मलाही आत जाता येत नाही.

आमच्याकडे काच कापतो त्याला सगळे नऊबोटे म्हणतात. आडनाव नव्हे, मोजणी आहे. डावी करंगळी एका आरशाने नेली. त्याने ब्लेडने काच अलगद सोडवून दिली आणि विचारले की हे आता बिघडलं की आधीपासून असंच होतं. त्याचा स्वभावच तसा.

१० मार्च
आजपासून रोजनिशी यंत्रात लिहायची होती. परंतु रविवारभर यंत्र पाळण्याबाहेर राहिले, बॅटरी उतरली, आणि आतली एकसष्ट गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, टेलिफोन गेले. पान ८८ वर सूचना होती. मी ७० पर्यंत आलो आहे.

एका अर्थी बरे झाले. पहिल्या वेळी नावे क्रमवार नव्हती.

तूर्त वही.

१३ मार्च
हात बसला. यंत्र आता शंभरातले शहाण्णव आकडे बरोबर ओळखते. विचार न करता हात तसाच वळतो, साध्या कागदावरसुद्धा.

घरात किरकोळ कटकट. नळ गळतो म्हणून प्लंबरचा नंबर ताईला चिठ्ठीवर लिहून दिला होता. तिने तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा एक वयस्क बाई बोलल्या. तिसऱ्यांदा त्या बाईंनी ताईच्या तब्येतीची चौकशी केली. ताईचे म्हणणे, तिला माझा चार एकासारखा वाटला. तिचा चष्मा तीन वर्षांपूर्वीचा आहे. तपासून घे, असे नम्रपणे सुचवले. तिने नळाखाली बादली ठेवली आणि रोज ती मीच ओतायची असे ठरवले.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १.०५ (डबा खाताना)
मालकांनी बोलावले. जवळच्या शाळेच्या खिडक्यांना नव्या काचा बसवायच्या आहेत, बत्तीस, सगळ्या एका मापाच्या. मालक म्हणाले, “हे माप तू एकटा घे. नीट आलं तर पहिल्या तारखेपासून मापं तुझी. नाही आलं तर बाहेरचा माणूस बघतो.”

मी खिशातून यंत्र काढून दाखवले. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले आणि यात गाणी लागतात का विचारले.

काकांनी शिडीवर बसूनच एक सूचना केली. चिठ्ठी नऊबोटेच्या हातात टेकवून निघून यायचे नाही. तो पहिली काच कापेल तेव्हा शेजारी उभे राहून माप मोठ्याने सांगायचे, त्याने ते परत म्हणायचे, मग काच कापायचा हिरा चालवायचा. चाळीस वर्षे असेच चालत आले, म्हणे.

मान हलवली. वय झाले आहे, वाद नको. ही पद्धत यंत्र नव्हते तेव्हाची.

१८ मार्च, मंगळवार. सकाळी १०.२०, शाळेच्या व्हरांड्यात
उन्हात पडदा दिसत नाही. काळा पाटा नुसता. शर्टाखाली यंत्र धरून, मान गळ्यातून आत घालून मापे नोंदवत आहे. मुख्याध्यापिका दोनदा इथून गेल्या. दुसऱ्यांदा त्यांनी पाणी हवे का विचारले.

प्रत्येक चौकट तीन ठिकाणी मोजली. रुंदी २४ इंच, उंची ३४. पाव इंचाची सूट घेऊन उतरवली आहे, त्यामुळे ही कापायचीच मापे. बत्तीसच्या बत्तीस सारख्या. यंत्राने एकही आकडा चुकवला नाही. आनंदाने अंग हलके झाले.

२० मार्च, गुरुवार
नऊबोटे पडद्यावरून माप वाचायला तयार नाही. त्याच्या हाताला काचेची भुकटी असते आणि यंत्राला हात लावू नकोस हे मीच त्याला बारा वेळा सांगितले आहे. शेवटी कागदावर उतरवून दिले. साडेतीन सेकंदांत. हात आता असा सरसर चालतो की स्वतःचे कौतुक वाटते.

काका म्हणाले, थांब, उभा राहा त्याच्यापाशी. पण विक्रेत्याने साडेपाचपर्यंतच घडीचा कीबोर्ड राखून ठेवला होता. चार घड्या, उघडला की पूर्ण कीबोर्ड. १,९००. जास्तीच्या तीन काड्या आणि चामड्याची पिशवीही घेतली. ताईकडून शिलाईच्या पैशांतले सहा हजार आधीच घेतले होते, पहिल्या तारखेला पगार वाढला की फेडणार.

परत आलो तर बत्तीसही काचा कापून, मध्ये कागद घालून भिंतीला उभ्या होत्या. नऊबोटे म्हणाला की झाले, जा घरी. किती सोपे असते पाहा, आरडाओरड न करता.

२२ मार्च
व्हिजिटिंग कार्डाचा मजकूर तयार केला. ‘मापतज्ज्ञ’. ज्ञ च्या आधी अर्धा ज हवा की नको, हे पाहिले. व्याकरणात हवाच. काकांना निरोप म्हणून काय द्यावे याचाही विचार केला. सिगरेटच्या पाकिटापेक्षा चांगली वही.

२४ मार्च, सोमवार. दुपारी ३.३०
शाळेत पहिली काच चौकटीत धरली आणि ती पलीकडे गेली. काच आणि नऊबोटेचे दोन्ही हात. त्याने ती पडू दिली नाही, हे त्याचे कौशल्य.

दुसरी उचलली. तीही आरपार. मी म्हणालो, सगळ्या अशा नसतील. सतराव्या काचेपर्यंत मी आशा सोडली नव्हती. मग मुख्याध्यापिकांनी शांतपणे विचारले की वर्ग पुढच्या खोलीत हलवू का.

काच २१ बाय ३१.

तीच तारीख, संध्याकाळी
यंत्र उघडून पाहिले. २४ बाय ३४. यंत्राची चूक नाही, हे आधी नोंदवतो.

चिठ्ठी मालकांच्या टेबलावर होती. मालकांनी आधी सरळ धरून, मग उलटी करून पाहिली. नऊबोटे म्हणाला, “एकाखाली रेघ मारली होती. मला वाटलं, हा पोरगा पक्का आहे, म्हणजे पक्का एक असणार.” त्याचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे वाटले असते.

मी सांगितले की हे चार आहेत, पान ३१ प्रमाणे. काकांनी कानावरची पेन्सिल काढली, चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक साधा चार काढला, दोन रेघांचा, आणि तो चिठ्ठीसकट माझ्याकडे सरकवला.

मालकांनी विचारले, माप ओरडून सांगितले होते का? मी म्हणालो, कीबोर्ड आणायला गेलो होतो.

२५ मार्च
रजा. नळाची बादली दोनदा ओतली. आज साधा चार काढायचा प्रयत्न केला. हात खाली येतो, उजवीकडे वळतो, थांबतो. यंत्र माझे अक्षर शिकेल असे वाटले होते.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ८.००
मालकांनी बाहेरचा माणूस पाहिला. तो दुप्पट मागत होता. म्हणून काका राहणार. खाली स्टुलावर बसणार. मी शिडीवर चढायचे, मोजायचे, मोठ्याने सांगायचे. काकांनी परत म्हणायचे आणि लिहायचे. मला लिहायची परवानगी सध्या नाही. आज पहिलाच दिवस होता. काकांनी तीन वेळा “काय?” विचारले, रस्त्यापलीकडच्या न्हाव्याने दोनदा माझे माप त्यांना परत सांगितले. चुकले काहीच नाही. शाळेच्या काचाही आजच बसल्या.

२१ बाय ३१ च्या काचा दुकानातच आहेत, लहान मापे येतील तशी कापून खपवायच्या. तोवर पैसे माझ्या नावावर. नऊबोटे रोज शंभर चार काढून मागतो आणि तपासतो. आज त्याला त्र्याण्णव वाचता आले. पेन्सिल काकांनी दिली.

हिशेब सरावासाठी इंग्रजी आकड्यांत, साध्या अक्षरात:

यंत्र व पाळणा 8500
चामड्याची पिशवी 450
जास्तीच्या काड्या तीन 240
घडीचा कीबोर्ड 1900
फिल्म (केसासह) 120
एकूण खर्च 11210

देणे, ताई 6000
देणे, मालक (काचा 32, दर 170) 5440
एकूण देणे 11440

हिशेब ताईकडून तपासून घेतला. तिने नवा चष्मा लावला, बोट ठेवून खाली आली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. विचारले, हे एक आहेत का? मी म्हणालो, नाही, चार आहेत. एक असते तर तीनशे तीस वाचले असते.