आपानं डोळा मारल्याची हकीकत

निजामपुरा, भिवंडी

लाडक्या मजीदला आपाचा सलाम आणि पोटभर दुआ.

इकडे सगळे खुशाल. पडघ्याला तुम्हीही बरे असाल, म्हणजे तू सोडून. सकाळी उठलं की तुझं डोकं ठणकतं आणि तू गोडाउनच्या धुळीवर ढकलतोस, असं तुझी बायको सांगत होती. ढकल बाबा! मीही लूमच्या खटखटीवरच ढकलत होते. पण शुक्रवारी सगळे लूम बंद, गल्ली चिडीचूप, आणि माझं डोकं चालूच! तेव्हाच कळायला हवं होतं. पण आपलं खानदान असं, की डॉक्टरचं नाव काढलं की सगळ्यांना अचानक बरं वाटतं.

मग मला एकाचे दोन दिसायला लागले. (जोयाचे अब्बासुद्धा दोन. एकाचंच घोरणं पुरे होतं रे.) एक डोळा मिटला की पुन्हा एकच. म्हटलं, झकास उपाय, कुणाला सांगायचं कशाला? डोळा मिटून ठकुबाईच्या टोपलीतले बोंबील निवडले, डोळा मिटून रिक्षा थांबवली, आणि जोयाच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिच्या सासऱ्यांसमोर सरबताचा ट्रे धरला, तोही डोळा मिटूनच. ते बिचारे कानापर्यंत लाल! साऱ्या निजामपुऱ्यात बोभाटा झाला, सालेहा या वयात डोळा मारते. जोयाचे अब्बा आधी फुगून बसले, मग अब्रू वाचवायला मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे ओढत घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून पाहिलं आणि म्हणाले, ताबडतोब डोक्याचा एमआरआय करा.

पुढचं तुला ठाऊकच आहे. गाठ काढली, जराशी उरलीय. ती तिच्या जागी, मी माझ्या, अधूनमधून तपासणीला जाऊन तिची खबर घेते. घाबरले होते मजीद, फार घाबरले होते. ऑपरेशनआधी जोयाला बिर्याणीचा मसाला शिकवून ठेवला, त्याचा आता पस्तावा होतोय. मेली माझ्यापेक्षा चांगली करते.

सध्या माझा एकच उद्योग. चार बायका दिसल्या की भाषण! आपल्या भाचीच्या, आयतच्या मेंदीत मी ढोलकी थांबवली, ओढणी सारून टाक्यांचा व्रण दाखवला आणि विचारलं, सकाळी डोकं दुखून उलटी कुणाला होते? एकाचे दोन कुणाला दिसतात? मेंदीचे हात भराभर वर! (निम्म्या जणींचं नुसतं जागरण होतं. प्रत्येक डोकेदुखी म्हणजे गाठ नव्हे, हेही सांगते, नाहीतर दवाखान्यात लूमसारख्या शिफ्टा लावाव्या लागतील.) पण दाखवून घ्या, एवढंच माझं म्हणणं. बायका ऐकतात. भाऊ ऐकत नाहीत.

मुलांना प्यार.

तुझी,
सालेहाआपा

ता. क. आयतच्या निकाहचे फोटो आले. तुझी शेरवानी छान दिसते.

आणखी एक. एकूणएक फोटोत तुझा डावा डोळा मिटलेला आहे. एखाद्यात पापणी लवली म्हणू, पण नवरदेवाला मिठी मारतानाही? जेवतानाही? सगळे म्हणतात, मजीदभाई काय मजेत होता! मला मात्र फोटो बघून रडू आवरेना. हे पत्र आजच हातोहात पाठवतेय, कारण उद्या सकाळी त्याच डॉक्टरकडे तुझा नंबर लावलाय. जोयाचे अब्बा गाडी घेऊन येतील, ओढत न्यायचा त्यांना सराव आहे. दार उघडलंस की दोन्ही डोळे नीट उघडे ठेवून त्यांच्याकडे बघ. ते दोन दिसले, तर मुकाट गाडीत बस.