बुर्गीची वरात आणि बॅटरीचे नऊ व्होल्ट

प्रिय सेव्हरिनदादास,

कॉर्बिनियानचा आदरपूर्वक नमस्कार. तुझा नवा खुबा आता जिना चढू देतो की नाही ते कळव. वहिनींच्या कोंबड्या खुशाल असतील. इकडे सगळे ठीक. रविवारच्या प्रकाराबद्दल तुला खालच्या गावातून काही कळलं असेल तर ते चूक आहे. बरोबर ते मी लिहितो.

तुझ्या पुतणीचं, बुर्गीचं लग्न येत्या शनिवारी. तिला घरापासून चर्चपर्यंत माझ्या मोटारसायकलच्या साइडकारमधून न्यायचं हे मी ती सातवीत असतानाच ठरवलं होतं (तिला गेल्या महिन्यात सांगितलं). रविवारी बँडसकट रंगीत तालीम होती. अंतर सहाशे दहा मीटर. पुढे एकोणीस वादक, मागे मी.

आता मूळ मुद्दा. या गाडीचं जनित्र इंजिन पळताना दोनशे ऐंशी वॉट देतं, पण उभ्या गाडीत इंजिन नुसतं घुटमळत असताना जेमतेम नव्वद. दिवा कायद्याने दिवसाही चालू. त्यात मी बसवलेले दोन धुक्याचे दिवे, हँडलची गरम मूठ आणि नवरीसाठी गरम गादी (ऑक्टोबर आहे). एकूण खर्च अडीचशे वॉट. फरक बॅटरीने भरायचा. बॅटरी बारा व्होल्टची, सतरा अँपिअर-तासांची, म्हणजे माझ्या हिशोबाने शहात्तर मिनिटं. वरातीला लागतात पंधरा. पुस्तकं वाचून शिकलेल्या माणसाचा हिशोब असा असतो.

पण आपलं गाव! तालीम आहे, लग्न नाही, हे शेजाऱ्यांना तीनदा सांगूनही त्यांनी रस्त्यावर दोर आडवे बांधले. एक नाही, पाच. रिवाजाप्रमाणे प्रत्येक दोरापाशी नवरदेवाच्या मित्राने बांधणाऱ्यांना श्नॅप्सची दारू पाजल्याशिवाय दोर सुटत नाही. बेकरीवाली ओत्तिली तर म्हणाली, "तालमीत नीट प्यायलो नाही तर शनिवारी चुकू ना रे!" नवरी बसलेली असताना इंजिन बंद करणं मला शोभत नाही, म्हणून मी ते चालू ठेवलं. चार्जिंगचा लाल दिवा आधी लुकलुकला, मग स्थिर झाला. इंजिन दोन हजार फेऱ्यांवर नेलं की दिवा विझायचा, पण मग बँड ऐकू येईना. बँडमास्टर क्विरिन वळून ओरडला, "कॉर्बी, तुला एवढंच वाजवायचं असेल तर आम्ही घरी जातो!" मी फेऱ्या कमी केल्या. पाचव्या दोरापाशी, एकोणपन्नासाव्या मिनिटाला, गाडी तीनदा खोकली आणि मेली.

(बॅटरी भराभर उपसली तर ती लिहिल्यापेक्षा कमीच देते. हे पुस्तकात होतं. पुढच्या पानावर.)

किक मारून तरी पाहता आली असती. ती किक मी २०११ साली स्वतः काढून टाकली होती, कारण जिची देखभाल मी करतो त्या गाडीला तिची गरज पडणं मला अपमानास्पद वाटलं. तुतारीवाल्या चौघांनी धक्का दिला. उपयोग नाही, ठिणगीलाच वीज उरली नव्हती. बाकीचे पंधरा वाजवतच राहिले. शेवटी बुर्गी स्वतः उतरली आणि उरलेले शंभर मीटर नव्या बुटांत एकटी चालत गेली. मी बॅटरीला मीटर लावून बसलो होतो. नऊ पूर्णांक चार व्होल्ट. चर्चच्या दारात तिने एकदा मागे वळून पाहिलं. माझा आकडा लिहायचा बाकी होता.

बाकी विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ,
कॉर्बिनियान

ता. क. तुझ्या ट्रॅक्टरची बॅटरी शुक्रवारपर्यंत पाठव. साइडकारमध्ये मावते, मी मापं घेतली आहेत. मग नवरी मावत नाही, त्यावर विचार चालू आहे.

आणखी एक ता. क. बॅटरी पाठवू नकोस. पत्र टेबलावर होतं, बुर्गीने वाचलं. म्हणाली, "बाबा, शनिवारी मीटर घरी ठेव. मला तुझा हात लागणार आहे." सहाशे दहा मीटर पायी. माझ्याकडे मोटारसायकलचेच बूट आहेत. तुझा तो काळा जोड पाठव. माप त्रेचाळीस. टाच झिजलेली असली तरी चालेल.