पन्नाशीत शिकलेली बोली

ता. कळंब, जि. धाराशिव

प्रिय हर्षाली,

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं बरं आहे. मेंढरं दोन दिवसांपासून गुरुसिद्धप्पांच्या रानात खतासाठी बसवलीत. आईचा गुडघा आता दुखत नाही. मोबाइलवर आपण 'जेवलीस का', 'पोचलीस का' एवढंच लिहितो. आज जरा लांबचं सांगायचंय.

तुला सहाव्या वर्षी सोलापूरच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत सोडलं. सुट्टीला आलीस की तुझे हात वाऱ्यासारखे चालायचे. आईनं तुझं बघून बघून त्यातलं बरंच उचललं. मी मात्र सदा रानात. पोरीचं काय असेल ते तिची आई मला सांगेल, अशी सोय मी करून घेतली. तू शिकलीस, तिथंच छापखान्यात कामाला लागलीस, तरी ती सोय चालूच. मेंढराचं दुखणं मला त्याच्या चालीवरून कळतं, आणि पोटच्या लेकीचं मात्र दुसऱ्याकडून कळायचं.

मागल्या दिवाळीनंतर मी ठरवलं, तुझी बोली शिकायची. आधी मोबाइल धरला. मेंढरांमागं खुणांचे व्हिडिओ बघत बसायचो. बघताना वाटायचं, सगळं कळतंय. मोबाइल खिशात घातला की हात रिकामे. महिना असाच गेला. मग कळंबच्या गौरीशंकर टेलरची माहिती मिळाली. त्यांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. त्यांच्या बायकोला येतं, म्हणून तिच्यामार्फत विचारलं, शिकवाल का. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा मोबाइल नि वही शिलाई मशीनच्या खणात टाकली आणि बायकोला आत पाठवलं. म्हणजे चहा पाहिजे तर हातानं माग, नाहीतर बस तसाच!

मी दर आठवड्याच्या बाजाराला जायचो. नवीन खूण दाखवायच्या आधी ते मागच्या विचारायचे, त्याही उलट्यासुलट्या. आठवलं नाही तर लगेच सांगायचे नाहीत, मला घाम फुटेपर्यंत थांबायचे. लई राग यायचा. पण अशी डोकं खाजवून काढलेली खूण पुन्हा कधी हरवली नाही. एकदा पन्नास खुणा पाठ करून ऐटीत गेलो, तर त्यांनी त्यातल्या दहाच ठेवल्या. एवढ्यांतच दिवसभर बोलून दाखव म्हणाले. मी रानात मेंढरांशी त्या दहांतच बोललो. घरी आलो की आईपुढं करून दाखवायचो. ती म्हणायची, "अवं, हात उलटा चाललाय तुमचा!" खरंच उलटा असायचा. तिला उकलून सांगायला गेलं की आपलं कुठं कच्चं आहे ते मलाच दिसायचं.

सगळ्यात अवघड गेला तो चेहरा. तुमच्या बोलीत प्रश्न निम्मा भुवयांत असतो, आणि माझा चेहरा म्हणजे दगड. त्यांनी मला दुकानातल्या आरशापुढं उभं करून भुवया वर-खाली करायला लावल्या. गिऱ्हाइकं हसली. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटते गं. दोन बाजार मी गेलोच नाही. पण घरी बसून लाज काही कमी होईना, आणि शिकलेलं तेवढं विसरायला लागलं. तिसऱ्या बाजाराला गेलो. त्या दिवशी दुकानात त्यांचे मित्र अमरसिंह बसले होते, तेही ऐकू न येणारे. त्यांनी मेंढरांचं विचारलं. पाऊण तास बोललो आम्ही! लांडग्यानं कोकरू कसं उचललं ते मी हातांनी सांगितलं, तर ते आपसूक मागं सरकले. तेव्हा कळलं, आपल्याला यायला लागलंय.

आता कारण सांगतो. दिवाळीत तू युवराजचा फोटो माझ्यापुढं धरलास आणि किती तरी वेळ हात चालवलेस. मी उठून रानात गेलो. पोरगाही ऐकू न येणारा, म्हणून बापाला असा जावई नको, असं तू समजलीस. आईनंही तेव्हा तेच धरलं, तिच्याकडूनच मला ते कळलं. तसं नव्हतं, पोरी. आयुष्यातली एवढी मोठी गोष्ट तू स्वतः मला सांगत होतीस आणि मला त्यातलं अक्षर कळलं नाही, त्याची शरम वाटली. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, माझं चुकलं. येत्या रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही सोलापूरला येतोय. युवराजला नि त्याच्या वडिलांना, महांतप्पांना, निरोप दे. आईला बजावलंय, मधी पडायचं नाही. काम काय करतो, रागीट आहे का, माझ्या लेकीत काय बघितलंस, हे त्याला मी माझ्या हातांनी विचारणार आहे. चुकलो तर हसा, पण दुरुस्त करा. आणि त्याच्याही आधी, दिवाळीत सांगत होतीस ते मला पुन्हा सांग. पहिल्यापासून सांग. मी बसतो समोर.

तुझाच,
बाबा