दहावा दगड

३ मार्च, सोमवार

सात! फक्त सात!

डीन कॉर्कमबाईंनी आज सरळ सांगून टाकलं. चौदा तारखेला दुपारी चारच्या आत दुसऱ्या वर्षाच्या दहा मुलांनी भूशास्त्रासाठी अर्ज दिले पाहिजेत. नाही आले, तर पुढच्या वर्षापासून भूशास्त्राची पदवी बंद. उरलंसुरलं सगळं पर्यावरणशास्त्रात विलीन. "लॉर्न, तुझी नोकरी कुठे जात नाहीये," म्हणाल्या. "तू 'माती आणि आपण' शिकवशील."

माती आणि आपण! एकतीस वर्षं नोव्हा स्कोशियाचे खडक फोडले ते यासाठी?

खिडकीत सात दगड आहेत. आमची जुनी रीत — जो भूशास्त्र घेतो त्याने घराजवळचा एक दगड आणायचा, मी तो ओळखायचा, मग त्यावर त्याचं नाव लिहून खिडकीत ठेवायचा. एके काळी खिडकी पुरायची नाही, जमिनीवर रांग लागायची.

५ मार्च, बुधवार

विषयनिवडीचा मेळावा. दोन टेबलं शेजारी-शेजारी. पर्यावरणशास्त्राच्या टेबलाशी डेनीस थिबो — रंगीत पत्रकं, ओटची बिस्किटं, पाणमांजरांचा व्हिडिओ. माझ्या टेबलावर दगड आणि मी.

एका पोराने विचारलं, "सर, यात दिवसभर थंडीत उभं राहावं लागतं का?" मी खरं ते सांगितलं. गेला! तिकडे बिस्किटं खात उभा राहिला. कुणी सांगितलं होतं मला हरिश्चंद्र व्हायला?

"लॉर्न, पोरांना घाबरवतोस रे तू," डेनीस म्हणाली.

"आणि तू त्यांना चारतेस."

हसली. बाई वाईट नाही, तीच तर अडचण आहे.

एक मुलगी अर्धा तास दोन टेबलांच्या मधे उभी. ऱ्होडा बुटिलिए. किनाऱ्यावरच्या जुन्या सोन्याच्या खाणीच्या गावची. माझ्या खनिजांच्या तासाला पहिल्या बाकावर असते. तिने नोकरीचं विचारलं नाही, थंडीचं नाही. म्हणाली, "विहिरीच्या पाण्याचा अहवाल असतो ना सर, त्यावर सही कोण करू शकतं?"

मी खूश! सगळं मांडून सांगितलं. पर्यावरणशास्त्रात पाणी, माती, कायदा, सांख्यिकी. आमच्यात खनिजं, नकाशे, खडकांची घडण, उन्हाळ्यात सहा आठवडे तंबूत. पण सहीचा हक्क नोंदणी झालेल्या भूशास्त्रज्ञाला, आणि त्या नोंदणीला लागणाऱ्या विषयांतले चार डेनीसकडे नाहीत.

"खरंय त्याचं," डेनीस म्हणाली. "पण पाण्यात काय आहे ते आधी कळायला हवं ना? ती प्रयोगशाळा माझ्याकडे."

"दोन्ही नाही घेता येत?"

नाही येत. वेळापत्रकच तसं आहे. पोरगी दोन्ही विषयांचे अर्ज घेऊन गेली.

७ मार्च, शुक्रवार

आठ.

१० मार्च, सोमवार

नऊ! नववा म्हणजे हॉकी संघाचा गोलकीपर. त्याला वाटतंय आमच्याकडे गणित कमी आहे. मी काहीच बोललो नाही. दगड मात्र छान आणलाय, चांगला ग्रॅनाइट.

आता एक. एकच!

झोप लागत नाही. जेवण जात नाही. आज विभागाच्या दगडांच्या संग्रहालयात एकटा उभा राहून खण उघडत-मिटत होतो. माझ्या आधीच्या तीन शिक्षकांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. हे सगळं कुठल्या तळघरात टाकतील? मी काय तोंड दाखवू यांना? मेलेत सगळे, तरीही.

११ मार्च, मंगळवार

ऱ्होडा आली! दगड घेऊन आली!

"अर्ज शुक्रवारी देईन, सर. अजून ठरत नाहीये. दगड मात्र आणलाय. तुम्ही ओळखा."

मुठीएवढा, गंजलेला. त्यांच्या फाटकापासून घरापर्यंतच्या रस्त्यातला. तिच्या आजोबांनी खाणीजवळच्या टाकाऊ दगडांच्या ढिगातून फुकट भराव आणून तो रस्ता केला. विहिरीभोवतीही तोच टाकला. घरी आता ती, थोरली बहीण एव्हिस आणि एव्हिसचं आठ महिन्यांचं बाळ.

"सावकाश बघा," म्हणाली.

पोरीच्या पायाच पडायचा राहिलो होतो.

१२ मार्च, बुधवार

दगड फोडला. एका घावात दोन तुकडे. आणि वास आला. लसूण ठेचल्यासारखा.

पुन्हा मारला. पुन्हा लसूण.

आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं हे. घाव बसला की ज्याला लसणासारखा वास येतो ते आर्सेनिकचं खनिज. तेच विष विहिरीभोवती पसरलंय. आणि घरात आठ महिन्यांचं बाळ.

आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. पण सांगितलं की ती उठून डेनीसच्या प्रयोगशाळेत जाणार, आणि तिथेच राहणार. का राहू नये? मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

दोनच दिवस. शुक्रवारी चार वाजता सांगतो. इतकी वर्षं तेच पाणी पितायत, दोन दिवसांनी काय होतंय?

हे मी लिहिलं. मी! पोरांना ओरडून सांगतो, खडकांच्या नोंदवहीत खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. ही तीच वही. रेघसुद्धा मारत नाही.

१३ मार्च, गुरुवार

जिन्यात गाठलं तिने. "ओळखलात का, सर?"

"गारगोटी आहे. मधे गंधकाचं खनिज दिसतंय. बघतोय अजून."

एक अक्षर खोटं नाही! एकसुद्धा नाही! त्या खनिजात गंधकही असतंच, मी फक्त आर्सेनिक गाळलं.

"बरं," म्हणाली. जागची हलली नाही. मीच निघून आलो.

डेनीसने बिस्किट पुढे केलं. "लॉर्न, आजारी आहेस का रे? तोंड बघ कसं उतरलंय." मी ते खिशात टाकलं. ऑफिसातून तिचा नंबर मागायला तीनदा फोन उचलला. तीनदा ठेवला. बाळाच्या बाटलीतलं दूध कुठल्या पाण्यात कालवत असतील, हे डोक्यातून जात नाही. देवा, मला कुणीतरी थोबाडीत मारा.

१४ मार्च, शुक्रवार

साडेतीनला आली. अर्ज भरलेला, फक्त सही बाकी. पेन हातात धरून म्हणाली, "दगडाचं आणखी काही, सर?"

"सही कर आधी. मग निवांत बोलू."

माझ्याकडे बघत राहिली. मग सही केली.

चारला दहा कमी असताना डीनबाईंच्या टेबलावर ठेवला. दहा! बाईंनी हात मिळवला. "जिंकलास रे बाबा!" परत येतो तर आमची पोरं टेबलं बडवतायत, गोलकीपरने मला उचललं. ऱ्होडा नव्हती. गेली होती.

तिचा नंबर अर्जावर होता. मी उतरून घेतला नव्हता.

नीच माणूस आहे मी. एकसष्टाव्या वर्षी कळतंय.

१५ मार्च, शनिवार

सकाळीच नमुन्याच्या दोन बाटल्या घेऊन निघालो. चाळीस किलोमीटर, निम्मा रस्ता चिखल. ऱ्होडा घरी नव्हती. एव्हिसने दार उघडलं, बाळ कडेवर. "या ना सर, चहा टाकते," म्हणून किटली उचलली आणि मी ओरडलोच, "थांब! ते पाणी नको!"

बाळ दचकून रडायला लागलं. एव्हिस मात्र हसली. "अहो, हे कॅनमधलं आहे. विहीर जानेवारीपासून बंद. ऱ्होडानेच बंद करायला लावली. कॉलेजातल्या डेनीसबाईंकडून पाणी तपासून आणलं तिने. आर्सेनिक का काय ते. आजोबांचा तो फुकटचा भरावच नडला म्हणे."

मी खुर्चीत बसलो आणि रडलो. त्या बिचारीला काही कळेना. दोन कप चहा प्यालो, घेवड्याच्या उसळीबरोबर काळा पाव खाल्ला. बाळाने माझं बोट धरलं. गुटगुटीत आहे! कुणाचं काही वाईट झालं नाही! आणि खिडकीत दहा दगड! परत येताना गाडीत शीळ घालत होतो.

चर्चच्या वळणापर्यंत.

जानेवारीपासून तिला माहीत आहे. आणि दगड तिने मला या मंगळवारी आणून दिला.

१७ मार्च, सोमवार

ऱ्होडा विषयबदलाचा अर्ज घेऊन आली. आठवड्याच्या आत बदलला तर पहिला अर्ज धरत नाहीत. म्हणजे पुन्हा नऊच. पर्यावरणशास्त्र. माझी सही लागते. कारणाची जागा कोरी होती.

"ते तुम्ही भरा, सर," म्हणाली, आणि खिडकीतले आपल्या दगडाचे तुकडे उचलले.

मी लिहिलं: बुधवारी वास आला. शनिवारी सांगायला गेलो.

खाली सही केली.