गुणाचं लेकरू

कार्तिक व॥ ४, गुरुवार. देऊळगाव राजा
सरकी काढायचं आमचं जिन सुरू होऊन आठवडा झाला. कापूस बरा, पण वजन वाढावं म्हणून ओला करून आणायची शेतकऱ्यांची खोड कायम. गाडीतून पडताना धप्प वाजला की समजावं.
दवाखान्यातल्या नव्या नर्सबाई जिन पाहायला आल्या. जालन्याकडच्या, फटकळ. कापूस निवडणाऱ्या बायांची पोरं झोळ्यांत निजलेली. मी ऐटीत म्हटलं, चौदा लेकरं आहेत, पण एकाचं रडणं ऐकू येणार नाही. त्या हसल्या नाहीत. एकाची पापणी उचलून पाहिली. म्हणाल्या, "शेठ, इतकी पोरं एकदम निजत नसतात."

व॥ ५
पोरं सांभाळणाऱ्या राजीबुढीला विचारलं. तिने लपवलं नाही. अफूची गोळी, मोहरीएवढी, सकाळी एक, दुपारी एक. "माह्या आयनं मले देल्ली, म्या माह्या लेकरायले देल्ली. सारं गावच तं देते." खरं आहे. आमची आई निंदायला जायची, मलाही दिली असेल.
मग खाली बघत म्हणाली, "तुमच्या घरीबी माह्यापासूनच जाते न."


व॥ ६
चि. कमळी, आमची नात, अकरा महिन्यांची. अजून बसत नाही. आम्ही आल्यागेल्याला सांगायचो, त्रास म्हणून नाही, गुणाचं लेकरू.
सूनबाईला विचारलं, आवाज न चढवता.  म्हणाली, "तुमाले रडनं खपत नाही, मामाजी. बारसं झाल्यावर म्हनले होते तुम्ही, दिवसभर जिनाचा खडखडाट, घरी तरी कान शांत राहू द्या."
म्हटलं असेन. मला आठवत नाही. तिला कोणत्या वारी, तेही आठवतं.

व॥ ७
नर्सबाई घरी आल्या. कमळीच्या कानाशी वाटी वाजवली, उशिरा वळली. मान धरते, पाठ धरत नाही. चौथ्या महिन्यात मान, सातव्या-आठव्यात बसणं, असा क्रम असतो म्हणे. गुंगीत पोर भूक विसरतं, दूध ओढत नाही, मग अंगात जोर यावा कुठून? गोळी एकदम तोडायची नाही, रोज थोडी कमी. रडेल, जुलाब होतील, पाणी पाजत राहा.
सूनबाईला एक शब्द बोलल्या नाहीत. मला मात्र विचारलं, "रडू द्याल ना?"

मार्ग. शु॥ १, मंगळवार
गोळी निम्मी. तीन दिवस रडते आहे. शेजारी विचारून गेले. ती रडली की सूनबाई आधी माझ्याकडे बघते. आज मीच उचलून घेतलं, अंगणात फिरवलं. आवाज घोगरा आहे, थेट तिच्या आजीचा. अकरा महिने घरात होता, मी आज ऐकला.

शु॥ ४
जिनातल्या गोळ्याही कमी करायला लावल्या. बायांना पोरं अंगावर पाजायला दोनदा सुट्टी. चि. बापू म्हणतो काम मागं पडतं. पोरगा माझाच, मी सुद्धा हेच म्हटलं असतं.
कापूस निवडणारी उंद्रीची चंद्री मात्र तोंडावर म्हणाली, "सुट्टी देल्ली, बरं केलं. पन घरी स्वयंपाक कवा करू? घरी मी देतोच गोळी."  माझ्या घरी तर रांधायला बाई आहे, तरीही...

शु॥ ९, बुधवार
कमळीची गोळी परवापासून बंद. काल हात पुढे करून भाताची पेज प्यायली. आज नर्सबाईंनी दोन उशांच्या मध्ये बसवलं आणि उशा काढून घेतल्या. बसली. नंतर डावीकडे कलंडली.
विचारलं, मागची कसर भरून निघेल का, चालेल-बोलेल का इतरांसारखी. म्हणाल्या, काहींची निघते, काहींची थोडी राहते, आत्ता सांगता येत नाही. खोटा धीर दिला नाही, बरं वाटलं. आणि वाटलंही नाही.
सूनबाई दारात उभी राहून ऐकत होती. आत आली, पोरीला उचलून पुन्हा मधोमध बसवलं आणि दोन्ही हात काढून घेतले.