बाराच गळे

मुल्बाख, १२ जानेवारी

चि. गुंडुलास, रोस्विता मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू आमच्या वाद्यवृंदाचा आणि गायकमंडळाचा इतिहास लिहायला घेतलास, छान केलंस. पण जरा घाई कर बाई, नाहीतर तुझी मावशीच इतिहासजमा होईल. आमचे नवे संचालक, हेर श्ट्रोबेल, यांनी काल तालमीत फर्मान काढलं. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखाची कथा गातो ते पॅशन यंदा अगदी तीनशे वर्षांपूर्वी बाखच्या काळी व्हायचं तसंच होणार, म्हणून आम्हा चाळीसांतले गायक बाराच. बाकीच्यांनी खाली बाकांवर बसून ऐकायचं म्हणे! ऐकायचं काय, कप्पाळ? मी एकोणिसाव्या वर्षापासून आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या सुरात, उभी आहे. तुझ्या एगोनकाकांनी खाटीकखान्यातून मेंढीची आतडी आणून व्हायोलिनच्या तारा वळल्या, तेव्हा हे महाशय जन्मलेही नव्हते. त्या तारांचा वास पहिल्या तीन रांगांना यायचा, तेही लिही.

खरं सांगते, रडू येतंय. ही जागा गेली तर शुक्रवारी संध्याकाळी मी करू काय? तू एवढी पुस्तकं चाळतेस. त्या काळी आणखी काय काय होतं, ते मला सगळं कळव. विशेषतः जे गैरसोयीचं असेल ते.

तुझी,
रोस्विता मावशी


वायमार, १९ जानेवारी

ती. मावशीस, गुंडुलाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी वाईट वाटलं. मग शेवटची ओळ वाचली आणि हेर श्ट्रोबेलांचीच दया आली. हवा तो दारूगोळा पाठवते. एक, त्या काळी देवळात शेगडी नसायची. दोन, पॅशनचे दोन भाग असत आणि मधे पाद्रीबुवा चांगलं तासभर प्रवचन झोडत. तीन, हे जपून वापर हं, देवळातल्या गायकांत बाई औषधालाही नसे. वरचे सूर पोरं गायची.

हेर श्ट्रोबेलांची होणारी बायको आनेट तुमच्याकडे मुख्य सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरचा सूर, गाते ना? मी आपली सहज विचारते.

काकांच्या तारांना अख्खं पान दिलंय. वासाला एक ओळ. थंडीत घसा सांभाळ, सेजच्या पानांचा चहा घेत जा.

तुझी लाडकी,
गुंडुला


मुल्बाख, २ फेब्रुवारी

चि. गुंडुलास, अनेक आशीर्वाद.

अगं, काय मज्जा आली! कालच्या सभेत मी उठले आणि हेर श्ट्रोबेलांना तोंडभर पाठिंबा दिला. म्हटलं, तंतोतंत जुन्यासारखंच होऊ द्या, अर्धवट नको. आधी शेगडी बंद करा. तेव्हा वाद्यवाले बोटं चोळायला लागले. मग प्रवचनाचं काढलं, तर आमचे पास्टर होल्त्सर खुर्चीतल्या खुर्चीत फुलले. बिचाऱ्यांना लोक पंधरा मिनिटांतच खोकून खाली बसवतात! त्यांनी तिथल्या तिथे विषयसुद्धा जाहीर केला. शेवटी मी अगदी साळसूदपणे विचारलं की बायकांना आजच निरोप द्यायचा की ईस्टरनंतर. आनेटने केकचा चमचा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे असं पाहिलं, की मीच जरा घाबरले.

हेर श्ट्रोबेल म्हणाले, इतिहास तारतम्यानेच घ्यायला हवा. बारा गळे गेले उडत! पण माणूस कच्चा नाही हं. प्रत्येकाने त्यांच्यासमोर एकटं गाऊन दाखवायचं आणि मगच जागा पक्की, असं त्यांनी ठरवलं. आता माझी पाचावर धारण बसलीये. आल्टोतलेही वरचे सूर हल्ली मला लागत नाहीत गं. रांगेत शेजारणी सांभाळून घेतात, एकटीला कोण सांभाळणार?

माया असू दे,
रोस्विता मावशी


वायमार, ९ फेब्रुवारी

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

सभेचा वृत्तांत मी दोनदा वाचला आणि ग्रंथालयात एवढ्या मोठ्याने हसले की लोक वळून बघायला लागले. पण आता माझाही जीव टांगणीला लागलाय. इतिहासाची पुस्तिका छापायला चाललीये, गायकांच्या नावांचं पान तेवढं मी अडवून धरलंय. तुझं नाव कुठे घालायचं ते कळव. नसेलच घालायचं, तर मी पुस्तिकाच देत नाही, बसा म्हणावं!

तुझी,
गुंडुला


मुल्बाख, ईस्टर सोमवार

चि. गुंडुलास, अनेक आशीर्वाद.

नाव कुठे घालायचं तेवढं फोनवर सांगितलं आणि ठेवून दिला, म्हणून रागावू नकोस. तेव्हा बोलवतच नव्हतं. आता सगळं सांगते.

हेर श्ट्रोबेल ऑर्गनवर बसले. वरच्या सुराला माझा आवाज फाटला. ते मात्र सूर खाली खालीच नेत राहिले. मीही चिडून उतरत गेले, म्हटलं बघू कोण आधी थकतंय. शेवटी थांबून ते म्हणाले की आल्टोत माझी जागा नाही. मी वही मिटली आणि निघालेच गं. मग म्हणाले, टेनरमध्ये, म्हणजे पुरुषांच्या वरच्या सुरात, मोजून तीन पुरुष आहेत आणि त्यातले लुडगरभाऊ अग्निशामक दलातले, कुठे आग लागली की निघाले. तर मी त्यांच्या रांगेत उभी राहीन का?

घरी येऊन मी आधी रडले, मग आरशासमोर उभी राहून हसले.

गुड फ्रायडेला चाळीसच्या चाळीस जण गायलो. पास्टरांनी प्रवचनाचा तास घेतलाच, आता त्यांना कोण आवरणार? आणि पहिल्याच कोरसमध्ये लुडगरभाऊ माझ्या कानाशी वाकून काय म्हणाले असतील? जरा हळू गा म्हणाले, त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता!

अशीच जीव लावून राहा,
तुझी टेनर मावशी